संशोधनाचे प्रश्न कुणी निवडायचे?

(दृश्य : पणजी, जुन्या सचिवालयाजवळचा पुतळा)

मांडवीच्या काठावर उभा असलेला हा पुतळा आबे फारिया यांचा. जन्म कांदोळीचा, १७५६ सालचा. संमोहनाचा उगम समोरच्या माणसाच्या मनातच असतो, हे त्यांनी पॅरिसला जाऊन ठासून सांगितलं. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेलं हे शिल्प जवळून बघा : मागे कलंडणारी बाई, आणि तिच्यावर पसरलेले ते दोन हात. मनाच्या दुखण्याचा अभ्यास गोव्याच्या माणसाला परका नाही.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळची रांग)

हातात केस पेपर घेऊन बसलेली ही माणसं डोकेदुखी, अंगदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन आली आहेत. त्यातल्या कितीजणांचं मूळ दुखणं मनाचं, हे रांगेकडे बघून कळत नाही.

१९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने नेमकी हीच रांग अभ्यासाला घेतली. अभ्यासाचं नाव ‘मानस’. बारा सरकारी केंद्रं आणि बारा खाजगी दवाखाने. प्रश्न साधा होता : मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच आहेत, तर इथल्याच पदवीधर मुलींना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक केलं तर रुग्ण बरे होतील का? २०१० साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर, समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत जवळपास ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नसलेल्या सरकारी केंद्रांत ४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, आणि तेही तितकंच स्पष्ट छापलं गेलं.

हा प्रश्न सुचला, कारण विचारणारे याच रांगेच्या शेजारी बसले होते.

(दृश्य : जगाचा नकाशा, मग गुणपत्रिकेचा कागद)

जगभर असं क्वचित घडतं. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेब मांडला होता. टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार विकसनशील देशांवर. त्या देशांच्या आजारांच्या संशोधनावर खर्च होणारा पैसा, जगातल्या एकूण आरोग्य-संशोधनाच्या फक्त ५ टक्के.

मग कुठला प्रश्न आधी घ्यायचा, हे ठरवायची एक रीत तयार झाली. सीएचएनआरआय तिचं नाव, म्हणजे ‘बालआरोग्य आणि पोषण संशोधन उपक्रम’ याची इंग्रजी आद्याक्षरं. सुरुवात बालआरोग्यापासून झाली, आता ती सगळीकडे वापरतात. हा कागद नीट बघा, कारण सगळा खेळ इथे आहे. जाणकार माणसं प्रश्न सुचवतात. मग प्रत्येक जण एकट्याने, दुसऱ्याचं न बघता गुण देतो. याचं उत्तर संशोधनातून मिळेल का? उपाय परिणामकारक ठरेल? लोकांपर्यंत पोचवता येईल? आजाराचा भार किती उतरेल? गरिबाला फायदा होईल? होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य, ठरत नसेल तर अर्धा. ज्यातलं कळत नाही तो रकाना कोरा सोडायचा. बेरीज शंभरपैकी. बैठकीत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं इथे काही चालत नाही, आणि मला या रीतीतलं हेच सर्वात मोलाचं वाटतं.

आणखी एक पायरी आहे. पाच कसोट्यांपैकी कुठलीला किती वजन द्यायचं, हे सामान्य लोकांनी, रुग्णांनी, सेवा देणाऱ्यांनी ठरवायचं. बहुतेक वेळा गाळली जाते ती हीच पायरी.

(दृश्य : नकाशावर पेरू, युगांडा, नेपाळ)

जिथे युद्ध चालू आहे तिथे तर ती गाळायला सबब तयार असते. वेळ नाही, लोक विस्थापित आहेत, रस्ते बंद आहेत. पण २०११ साली आपत्ती आणि संघर्षग्रस्त भागांतल्या मानसिक आरोग्याच्या संशोधन-प्रश्नांची यादी झाली, त्या कामात पेरू, युगांडा आणि नेपाळमधले स्थानिक धोरणकर्ते, संशोधक आणि मदतकार्य करणारे यांच्याशी गटचर्चा झाल्या. विद्वानांचे जुने वाद यादीत खाली गेले. वर आले ते कामाचे प्रश्न : या लोकांना रोज कशाचा ताण सोसावा लागतो, त्यांना स्वतःला आपली अडचण कोणती वाटते, आपण केलेली मदत लागू पडली हे कसं ओळखायचं.

संघर्षाची झळ सोसलेल्या पेशावरमध्ये तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पाच बैठकांत दिलेली मदत उपयोगी पडल्याचं २०१६ साली सिद्ध झालं. पण यादी छापली म्हणजे पैसा येतोच असं नाही. देणारे बरेचदा आपल्याच यादीने चालतात.

(दृश्य : समुपदेशनाची खोली. निवेदन थांबते, अर्धा मिनिट फक्त चित्र)

आम्ही इथल्या समुपदेशक ताईंना विचारलं, यादी तुमच्या हातात दिली तर पहिला प्रश्न कोणता लिहाल? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. एकदा येऊन दुसऱ्यांदा न आलेली माणसं कुठे जातात, ते शोधा. दुसऱ्या ताईंनी दारू पिणाऱ्याच्या बायकोचं नाव घेतलं : उपचार त्याच्यावर, पण तिची झोप कुणी मोजत नाही.

गुणपत्रिकेच्या पाचही कसोट्या या दोन प्रश्नांना लावता येतात. पुढची यादी करायला बसणाऱ्यांनी वजनाचा रकाना आधी या खोलीत आणावा.