शेंगेची शिवण आणि भेंडीचे कप्पे

वाटाण्याची शेंग शिवणीवर दाबली की तिच्या दोन फाका होतात. आता जरा जवळून पाहा. दाणे दोन्ही फाकांना वाटून गेलेत. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक दाणा इवल्याशा देठाने कडेला चिकटलेला आहे. याच देठातून त्याचं पोषण झालं.

शेंग होण्याआधी हा फुलाचा अंडाशय होता आणि दाण्यांच्या जागी बीजांडं होती. हा अंडाशय एकाच किंजदलाचा. किंजदल म्हणजे जणू मधोमध दुमडलेलं पान. त्याच्या दोन कडा जुळतात तिथे शिवण येते आणि बीजांडं धरतात ती या दोन्ही कडांवर. फुलाचे भाग ही पानांचीच रूपं आहेत, हा विचार जर्मन कवी गटे याने १७९० मध्येच मांडला होता.

किंजदलं अनेक असली, की खरी बहार. भेंडीची चकती बघा. बहुतेकदा पाच कप्पे दिसतील. इथे किंजदलांच्या कडा आत वळून थेट मध्यापर्यंत गेल्या, म्हणून पडदे तयार झाले आणि बीजांडं मधल्या अक्षाला लागली. टोमॅटोचंही तसंच. त्याच्या बियांभोवतीचा बुळबुळीत गर म्हणजे बीजांडांच्या आधाराचीच वाढ.

पपईत मात्र कडा शेजारच्या कडेला भिडल्या आणि तिथेच थांबल्या. मध्ये पोकळी राहिली, बिया भिंतीला लागल्या. मोहरीची बीजांडंही भिंतीलाच असतात, पण तिच्यात एक पातळ पडदा मागाहून वाढतो. शेंग वाळून फाका गळाल्या, तरी हा पांढरट पडदा चौकटीसकट देठावर उभा राहतो. एकदा तरी हातात घेऊन पाहावा असा आहे तो.

कार्नेशनच्या कोवळ्या अंडाशयात पडदे असतात. पुढे ते विरतात आणि बीजांडांनी लगडलेला मधला खांब तेवढा उरतो. सूर्यफूल म्हणजे अनेक इवल्या फुलांचा, म्हणजे पुष्पकांचा, गुच्छ; त्यात तर प्रत्येक पुष्पकाच्या अंडाशयात तळाशी एकच बीजांड.

हे तळाचं बीजांड नुसत्या आडव्या कापात फसवतं, कारण तेही मधोमधच दिसतं. म्हणून बीजांडं नेमकी कुठे लागलीत हे पाहायला अंडाशय आडवा कापावा, आणि दुसरं फूल घेऊन उभाही.