साउथगेट : गोल छपराचं स्टेशन

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगा-सून किंवा लेक-जावई लंडनला, आणि उन्हाळ्यात आपला मुक्काम तिकडे, हे आता बऱ्याच घरांतून दिसतं. राजवाडा बघून होतो, टेम्सवरचे पूल बघून होतात. मग मंडळी कामावर गेली की दुपार खायला उठते. अशा एखाद्या दुपारी अंडरग्राउंडची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, पिकॅडिली लाइन पकडा आणि साउथगेटला जा. कशासाठी म्हणाल, तर स्टेशन बघायला!

किंग्ज क्रॉसहून कॉकफॉस्टर्सकडे जाणारी गाडी घ्यायची. अर्ध्या तासाच्या आत पोचाल. आर्नोस ग्रोव्हच्या आधीच गाडी उजेडात येते, मग विटांच्या कमानींच्या पुलावरून बागेला ओलांडते आणि पुन्हा टेकडीच्या पोटात शिरते. साउथगेट त्या टेकडीवर आहे. बोगदा तसा आखूडच. फलाटाच्या उत्तर टोकाला उभं राहिलं तर त्याचं तोंड दिसतं.

आता सरकत्या जिन्याने वर या, पण मोबाइल खिशात ठेवून. दोन जिन्यांच्या मधल्या पट्टीवर कांस्याचे उंच दिवे ओळीने उभे आहेत. त्यांचा उजेड डोळ्यांवर येत नाही, तो वर छताकडे जातो आणि तिथून मऊ होऊन खाली उतरतो. हे स्टेशन 13 मार्च 1933 रोजी सुरू झालं. त्या काळी रोज नोकरीवर जाणाऱ्या कारकुनांसाठी कुणीतरी एवढा विचार केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तो विचार करणारा वास्तुरचनाकार म्हणजे चार्ल्स होल्डन. त्याच्या पाठीशी होता अंडरग्राउंडचा कारभार बघणारा फ्रँक पिक. 1930 साली हे दोघं जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, स्वीडन फिरून नव्या इमारती पाहून आले, आणि पिकॅडिली लाइनवरच्या स्टेशनांचं रूपच पालटलं. होल्डनला पुढे ‘सर’ हा किताब देऊ केला गेला, तो त्याने नाकारला. वास्तू एकट्याची नसते, अनेकांच्या हातून घडते, असं त्याचं म्हणणं.

वर तिकिटांचा गोल हॉल आहे. मधोमध एकच खांब, आणि उघडलेल्या छत्रीसारखं सगळं छप्पर त्याच्यावर तोललेलं. त्या खांबाभोवतीच पूर्वी तिकीटबाबूची केबिन होती. बाहेर येऊन वळून बघा. बसकं, गोल छप्पर, त्याखाली खिडक्यांचा पट्टा, आणि शेंड्यावर कड्यांची चळत, तिच्यावर एक गोळा. जो तो याला उडती तबकडी म्हणतो. फोटोखाली लिहायला ते बरं आहे, पण त्यात मुद्दा निसटतो. गोल आकार इथे शोभेपुरता नाही. स्टेशनाच्या मागे दुकानांची कमानदार ओळ आहे, आणि स्टेशन व दुकानं यांच्या मधून बस वळसा घालून जाते. बसमधून उतरलेला माणूस चार पावलांत गाडीच्या वाटेला लागतो. पुढच्या खांबांकडेही बघा. दिवा, बसायचं बाकडं आणि अंडरग्राउंडचं लाल-निळं चिन्ह, तिन्ही एकाच खांबात!

मग पायी साउथगेट ग्रीनकडे निघा. तिथलं ख्राइस्ट चर्च 1862 चं, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. हे नाव मुंबईकरांनी ऐकलेलं असेल, कारण आपल्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच स्कॉटच्या आराखड्यावर उभा आहे. तो स्वतः मुंबईला कधी आला नाही. नकाशे लंडनहून पाठवले. चर्च उघडं मिळालं तर आतल्या रंगीत काचा सोडू नका. विल्यम मॉरिसच्या कंपनीने केलेल्या आहेत, काहींची चित्रं रोझेट्टी आणि बर्न-जोन्स यांची.

चर्चला लागूनच वॉकर क्रिकेट मैदान. साउथगेटचे वॉकर हे सात भाऊ, सातही क्रिकेटपटू. 1864 साली मिडलसेक्स क्लब उभा राहिला त्यात या घराचा मोठा हात होता. सामना चालू असेल तर टेका घटकाभर.

परतताना आर्नोस ग्रोव्हला जरूर उतरा. तेही होल्डनचंच, 1932 चं, आणि जाणकारांचं मत बहुधा त्याच्याच बाजूने पडतं. चौकोनी बैठकीवरचा तो विटांचा उंच गोल हॉल देखणा आहे, वाद नाही. पण माझं मत साउथगेटला. आर्नोस ग्रोव्ह बघून आपण वा म्हणतो आणि फलाटाकडे जातो. साउथगेटमध्ये मात्र दुकान, बस, बाकडं आणि जिना यांतलं काय कुठे संपतं ते सांगताच येत नाही.