उतरंड: लाकडी चकत्या आणि चिमुकले हात

(दृश्य: मंगळवार पेठेतील जुन्या घराचे माजघर. सकाळची वेळ.)

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील या घरात 14 महिन्यांची एक मुलगी फरशीवर बसली आहे. तिच्यासमोर बैठकीवर उभी केलेली लाकडी दांडी आहे आणि हातात लाल रंगाची चकती. चकतीचे भोक दांडीत शिरले आहे, पण मूठ काही उघडत नाही. हात वर येतो तशी चकतीही त्याच्याबरोबर वर येते. शेजारी मेथी निवडत बसलेली आजी म्हणते, "सोड की गं आता, सोड." चौथ्या खेपेला बोटे एकदम, गरजेपेक्षा जास्तच फाकतात आणि चकती टक् आवाज करून खाली बसते.

या खेळण्याविषयी बोलताना बहुतेकांचे लक्ष रचण्याकडे असते. या वयात अवघड असते ते सोडणे. नवजात बाळाच्या तळहाताला आपले बोट लावले की ते घट्ट धरून ठेवते, पण ती पकड त्याच्या इच्छेची नसते आणि पुढील काही महिन्यांत ती मावळते. मग मूल स्वतःहून वस्तू धरू लागते. आधी सगळ्या पंजाने, नंतर बोटांनी ओढून आणि साधारण 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीने. फरशीवर सांडलेला एखादा चुरमुरा नेमका उचलला जाऊन तोंडाकडे निघाला, की घरच्यांनाही ही चिमूट साधल्याचे कळते. इच्छेने सोडणे मात्र त्यामागून, वर्षाच्या आगेमागे येते आणि तेही सुरुवातीला ओबडधोबडच असते. चमचा दहा वेळा खाली टाकणाऱ्या मुलाला आपण खोडकर म्हणतो. ते बिचारे सराव करत असते.

एकावर एक ठोकळे ठेवता येणे ही मुलाचा विकास पाहण्याची बालरोगतज्ज्ञांची जुनी रीत आहे. सुमारे अडीच सेंटिमीटरचे ठोकळे दिले, तर 15 महिन्यांच्या आसपास दोन, दीड वर्षाला तीन-चार, दोन वर्षांला सहाच्या आसपास आणि तीन वर्षांला नऊ ठोकळ्यांचा मनोरा साधारणपणे उभा राहतो. मूल थोडे मागेपुढे असले म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नसते. मनोऱ्यावर आणखी एक ठोकळा चढवताना खांदा आणि कोपर स्थिर ठेवावे लागतात, मनगट किंचित वळवावे लागते आणि खालच्या ठोकळ्याला धक्का न लावता बोटे अलगद मागे घ्यावी लागतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचिक ऊतीचीच असतात आणि त्यांतली बहुधा दोनच पहिल्या वर्षात हाड बनू लागतात. शेवटच्याची सुरुवात व्हायला नऊ-दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जातो. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची ज्यांना घाई असते, त्यांनी हे मनगट एकदा डोळ्यांसमोर आणावे.

(दृश्य: शाहूपुरीतील कुंभार गल्ली. चाकावर फिरणारे मडके.)

मोठे खाली, लहान वर, ही रचना आपल्याकडे नवी नाही. जुन्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डाळी-कडधान्यांच्या मडक्यांची उतरंड असे. सर्वांत थोरले तळाशी आणि सर्वांत धाकटे शेंड्याला. तळातले काढायचे असेल, तर वरची सगळी क्रमाने उतरवून ठेवावी लागत आणि रांगते मूल हा उद्योग रोज पाहत असे. मडकी गेली, स्टीलचे डबे आले, तरी एकात एक बसणाऱ्या वाट्या अजून घरोघर आहेत. बाजारातले खेळणे आणण्याआधी त्या वाट्या मुलापुढे ठेवून पाहाव्यात, असे आमचे प्रांजळ मत आहे.

मग लाकडी चकत्यांचे वेगळेपण कशात आहे, हे कातकाम चालते त्या जागी उभे राहिल्यावर समजते.

(दृश्य: कातकामाचा छोटा कारखाना. फिरते लाकूड, उडणारा भुसा.)

वाळलेल्या लाकडाचा ठोकळा लेथवर फिरू लागतो, कातारी त्याला धारदार हत्यार टेकवतो आणि भुशाच्या लांब वळ्या निघत लाकूड गोल होत जाते. पॉलिश पेपर फिरवून झाला की रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पातळ थर होऊन लाकडावर बसते. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी याच पद्धतीने रंगतात. कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून गेले की लागणारी सावंतवाडीही लाकडी खेळण्यांसाठीच प्रसिद्ध आहे.

सगळी मेख भोकात आहे. भोक दांडीला अगदी घट्ट बसणारे ठेवले तर मूल चिडून खेळणे भिरकावते आणि फारच सैल ठेवले तर नेम धरण्याची गरजच उरत नाही. दांडीचे टोक गोल हवे, कारण मूल तोल जाऊन त्यावर पडू शकते. दांडी वर निमुळती आणि चकत्यांची भोके लहानमोठी असतील, तर लहान भोकाची चकती आधी घातल्यास ती मध्येच अडते आणि चूक खेळणेच दाखवून देते. सरळ दांडीवर कोणतीही चकती कुठेही बसते. पहिल्या वर्षाच्या मुलाला सरळ दांडी द्यावी. क्रमाची घाई नको.

मुलाने साधने हाताळत स्वतःच शिकावे, असे मानणाऱ्या इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या 'गुलाबी मनोरा' या रचण्याच्या साधनात 10 घन असतात, सर्वांत लहान 1 सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा 10 सेंटिमीटरचा. रंग सर्वांचा एकच, म्हणजे मुलाचे लक्ष फक्त आकारमानावर राहते. महाराष्ट्रात हा विचार रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांनी पुढे परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून बालवाडीची साधने उभी केली. कोल्हापूरच्या घरातल्या वाट्या त्याच वाटेने आल्या, असे म्हटले तर चूक ठरू नये.

खरेदी करताना एवढे पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सवलत आहे, म्हणून तिथे रंग कोणता वापरला हे स्वतः विचारावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. शेंड्यावर बसणारी सर्वांत छोटी चकती याच कसोटीवर पाहायला हवी. चीर गेलेले लाकूड किंवा निघणारा टवका दिसला, तर ते खेळणे घरात आणू नये.

(दृश्य: पुन्हा माजघर.)

मुलीने तोवर चकत्या सोडून एक वाटी दांडीवर उपडी घातली आहे. आजीने तिला चुकीचे म्हटलेले नाही. तिने फक्त मेथीची जुडी बाजूला ठेवून तळहात पुढे केला आहे. मुलगी निळी चकती उचलते, आजीकडे पाहते, हात लांब करते. तळहातावर चकती टेकते आणि या वेळी बोटे पहिल्याच खेपेला सुटतात.