वाळवंटातील पाणी आणि आग

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातील आदिवासी आगीचा वापर कसा करीत, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु तिथले पाणी समजल्यावाचून तिथली आग समजत नाही, म्हणून आधी थोडे पाण्याविषयी बोलू द्या.

पिंटुपी, मार्तू या तिथल्या जमातींची माणसे पाण्याच्या शोधात रानोमाळ फिरत, असे आपण सर्रास म्हणतो. माझे म्हणणे उलट आहे. पाणी कुठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक असे. फिरण्यामागे ते कोणत्या क्रमाने वापरायचे याचा हिशेब होता. पाऊस पडला की ही कुटुंबे भरवशाच्या पाण्यावर जाऊन बसत नसत, तर आधी दूरच्या, लवकर आटणाऱ्या उथळ तळ्यांवर आणि कातळातल्या खळग्यांवर जात, तिथले कंद, बिया आणि शिकार वापरत, आणि ती तळी नि खळगे आटू लागले की मागे सरत सरत बारमाही झिऱ्यांवर येत. पगार झाल्याच्या दिवशीच बचतखात्याला हात घालणारे आपण या बाबतीत त्यांना काही शिकवू शकू, असे मला वाटत नाही. कातळातल्या खळग्याचे तोंड दगडाने किंवा फांद्यांनी झाकून ठेवत, म्हणजे जनावर आत पडून पाणी नासत नसे. झिऱ्यातली वाळू लाकडी परातीने उपसायची आणि तळाशी पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचे. गवताचे बी वाटण्याचा जड पाटा कोणी वाहून नेत नसे. पुन्हा इथेच यायचे आहे हे ठरलेले असल्यामुळे तो मुक्कामावरच राही.

आता माझे जुने दुखणे. 1896 साली डेव्हिड कार्नेगी हा गोरा प्रवासी कूलगार्डीहून उंट घेऊन उत्तरेकडे निघाला. त्याला पाणी सापडेना, तेव्हा त्याने वाटेत दिसलेल्या आदिवासींना पकडून बांधून ठेवले, तहान अनावर व्हावी म्हणून खारवलेले मांस खाऊ घातले, आणि मग ती माणसे जिकडे गेली तिकडे तो गेला. हे आरोप नव्हेत. त्याने स्वतःच पुस्तकात ते लिहून ठेवले आहे. दहा वर्षांनी आल्फ्रेड कॅनिंगने गुरे हाकण्याच्या मार्गाची पाहणी करताना गळ्यात साखळ्या घालून वाटाडे नेले. त्याच्याच तुकडीतल्या स्वयंपाक्याने तक्रार केली, 1908 साली चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. पुढे विलुना ते हॉल्स क्रीक या सुमारे 1850 किलोमीटरच्या वाटेवर जवळपास पन्नास विहिरी खोदल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी आदिवासींच्या जुन्या पाणवठ्यांवरच. उंटांचे म्हणाल तर 1866 साली शंभराहून अधिक उंट कराचीहून बोटीने तिकडे गेले, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. त्यांचे रानटी झालेले वंशज आज तेच खळगे पिऊन आणि घाण करून टाकतात. शिक्षण अशा प्रवाशांना शोधक म्हणायला शिकवते, पण पाणी दाखवणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही, याचा मला अजून राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा आग थोडक्यात सांगतो.

स्पिनिफेक्स हे टोकदार, राळ असलेले गवत वाढून दाट झाले की त्यात घोरपडीचे बीळ दिसत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत मार्तू बायका एक तुकडा पेटवीत आणि मोकळ्या राखेत ताजी बिळे हेरून काठीने घोरपडी खणून काढीत. पुढच्या पावसानंतर त्या जागी बिया आणि फळे देणारी झुडपे येत. असे लहान लहान तुकडे निरनिराळ्या वर्षी जळत गेल्याने विजेने लागलेली आग फार दूर पसरू शकत नसे.

1960च्या दशकात, काही अंशी वूमेराच्या क्षेपणास्त्र चाचण्यांसाठी, बहुतेक माणसे वाळवंटातून हलवली गेली. पिंटुपींचे नऊ जणांचे एक कुटुंब मात्र 1984पर्यंत मॅके सरोवराच्या परिसरात तसेच राहत होते. माणसे गेल्यावर आगी कमी झाल्या, पण एकेक आग अफाट होऊ लागली आणि लहान सस्तन प्राण्यांचा आसरा हरवला. 2002 साली मार्तूंचा जमिनीवरील हक्क न्यायालयाने मान्य केला. आता बायका मोटारीने शिकारीला जातात, आग मात्र पूर्वीसारखीच लावतात, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत त्यांच्या वस्त्यांभोवती बारीक तुकडे, तर लांबवर मोठमोठे जळके पट्टे स्पष्ट दिसतात. छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी चहाच्या वेळी टेबलापाशी यावे.