दुर्बीण नंतर, आधी ट्रायपॉड

मंडळी, 'रात्रीच्या आभाळाचे फोटो काढायला दुर्बीण कोणती घेऊ?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मी म्हणतो, सध्या घेऊच नका. तुमचा ट्रायपॉड डगमगतो का, ते आधी सांगा.

आभाळ तासाला १५ अंश सरकतं. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला लगेच जाणवतं, ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघा उमटतात. स्थिर ट्रायपॉडवर शटर किती वेळ उघडं ठेवता येईल याचा ढोबळ हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागायचं. ५० मिमीला १० सेकंद. कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे आकाराने लहान, असेल तर सहा-सात. आजच्या बारीक पिक्सेलना तेवढेही जास्तच होतात, मी पाचवर थांबतो. आता १००० मिमीची दुर्बीण लावा, अर्धा सेकंद मिळतो. अर्ध्या सेकंदात तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला अंधुक वायूचा ढग, कुठला यायला!

आता शहराच्या उजेडाकडे येऊ. लोकांना वाटतं, हा उजेड म्हणजे फोटोवर चढलेला एक थर, सॉफ्टवेअरने खरवडला की खाली स्वच्छ आभाळ. तसं नसतं. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा प्रत्येक सेकंदाला थेंब सारखेच पडत नाहीत, कधी कमी, कधी जास्त. प्रकाशकणांचंही तसंच. सरासरी उजेड वजा करता येतो, पण हा कमी-जास्तपणा मागे राहतोच, आणि फोटोत दिसणारी खरखर म्हणजे बव्हंशी तोच. त्याला उपाय एकच: पुष्कळ फोटो काढून त्यांची सरासरी घ्यायची. १०० फोटो असे एकावर एक रचले की खरखर दहापट कमी होते. पण हा हिशेब वर्गमुळाचा, त्यामुळे फोटो दुप्पट चांगला हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो.

यातच एक गंमत आहे, आणि ती ऐकवण्यासाठीच मी आज आलोय. कॅमेऱ्याची स्वतःचीही थोडी खरखर असते. शहराबाहेरच्या काळ्या आभाळाखाली ती झाकायला पाच-पाच, दहा-दहा मिनिटांची एक्सपोजर लागतात, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं, मग त्यासाठी आभाळाबरोबर फिरणारं भक्कम माउंट, त्यावर ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा गायडिंगचा दुसरा कॅमेरा, लॅपटॉप, वायरींचं जंजाळ. शहरात आभाळच इतकं उजळ, की एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं असताना, अर्ध्या मिनिटात ती खरखर बुडून जाते. त्यापुढे एकेक फोटो लांबवून काही मिळत नाही, फोटोंची संख्या वाढवायची. म्हणजे महागडं सामान ज्यासाठी घेतात, ते काम इथे नाहीच.

मग घ्यायचं काय? त्या न डगमगणाऱ्या ट्रायपॉडवर बसणारा छोटा ट्रॅकर, जो कॅमेऱ्याला आभाळाच्या वेगाने फिरवतो, आणि १३५ मिमीची जुनी, हाताने फोकस करायची लेन्स. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवबिंदूकडे, म्हणजे आभाळ ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, रोखावा लागतो. ध्रुवतारा नेमका त्या बिंदूवर नसतो, चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच बाजूला असतो. तरी नुसत्या ध्रुवताऱ्यावर रोखलंत तर १३५ मिमीला, चार मायक्रॉनच्या पिक्सेलवर, अर्ध्या मिनिटात तारा पुरता एक पिक्सेलही घसरत नाही. मी कागदावर गणित करून पाहिलंय. एपीएस-सीवर ही लेन्स आडवं दहा अंश आभाळ दाखवते. देवयानी दीर्घिका तीन अंशांची, कृत्तिकांचा तारकापुंज दोन अंशांचा, दोन्ही आरामात मावतात. लेन्सचं छिद्र मात्र एक पायरी (स्टॉप) बारीक करा, नाहीतर कोपऱ्यातले तारे पाखरांसारखे पंख पसरतात.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर जाऊ नका. तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करा आणि रिंग केसभर फिरवा. तारा आक्रसत जातो, टाचणीच्या टोकाएवढा होतो, आणि अजून जरा फिरवलं की परत फुगतो. थोडं मागे येऊन रिंगवर चिकटपट्टी लावा. मी एकदा मृगातल्या तेजोमेघाचे तीन तास फोटो काढले. घरी पाहतो तर पहिल्या वीस मिनिटांनंतर सगळे तारे कापसाचे बोळे. लेन्सवर दव बसलं होतं. तेव्हापासून लेन्सभोवती गरम राहणारा पट्टा बांधतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात सांगतो. तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांतच चमकतो. ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनची आणि ५००.७ ची ऑक्सिजनची रेषा, म्हणजे ते दोन नेमके रंग, तेवढे सोडणारा फिल्टर मृगातल्या तेजोमेघाला फार उपयोगी. पण तो लावलात की आभाळ काळं होतं, म्हणजे मघाचा अर्ध्या मिनिटाचा हिशेब विसरायचा, एक्सपोजर लांबवायलाच लागतं. आणि देवयानीला, कृत्तिकांना त्याचा उपयोग नाही, कारण तो उजेड ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांत पसरलेला. रस्त्यावर एलईडी दिवे आले तेव्हापासून नुसता सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड अडवणारे जुने फिल्टरही फारसे कामाचे राहिले नाहीत.

राहिले चंद्र आणि ग्रह. ते इतके तेजस्वी, की शहराचा उजेड त्यांच्या खिजगणतीत नाही. तिथे व्हिडिओ घेऊन हजारो फ्रेम्समधून हवा स्थिर असतानाच्या तेवढ्या निवडतात, आणि त्यासाठी दुर्बीण हवीच. खुशाल घ्या. मी एवढंच विचारेन, ती ठेवणार कशावर?