हिरडीच्या फटीत

(दृश्य: काळ्या पडद्यावर पिळे घेत पोहणारे जिवाणू)

या चित्रणाचा वेग वाढवलेला नाही. दाढ आणि रोगट हिरडी यांच्यामधल्या फटीतून क्युरेट या खरवडायच्या हत्याराच्या टोकाने टाचणीच्या डोक्याएवढा पिवळट थर काढला, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि लगेच डार्कफील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू उजळ दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. लगेच अशासाठी की हे जिवाणू ऑक्सिजनला फार वेळ तोंड देऊ शकत नाहीत. नमुना तसाच ठेवून दिला की त्यांची हालचाल मंदावते. मळसूत्रासारखे फिरताहेत ते स्पायरोकीट. ट्रेपोनेमा डेंटिकोला हा त्यांच्यातलाच. निरोगी हिरडीजवळून असाच थेंब घेतला, तर बहुतेक गोल आणि स्थिर जिवाणू दिसतात आणि असे पोहणारे फार थोडे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने १६८३ मध्ये आपल्याच दातांमधला पांढरा लेप भिंगाखाली पाहिला आणि त्यातल्या वळवळणाऱ्या जिवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्याने व्हिनेगरने चूळ भरूनही पाहिली होती. लेपाच्या वरवरचे जीव मेले, आतले तसेच राहिले. माउथवॉशची बाटली घेताना ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

(दृश्य: गुलाबी रंगद्रव्य लावलेले दात, जवळून)

गुलाबी दिसतोय तो प्लाक, म्हणजे दातांवरचा जिवाणूंचा थर. घासून स्वच्छ केलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा अदृश्य पापुद्रा बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकोकस चिकटतात, त्यांच्या सोबतीला ॲक्टिनोमायसीस. हे दोघं ऑक्सिजन वापरून टाकतात, मग आतल्या भागात हवा नकोशी असणाऱ्यांची सोय होते. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांबट जिवाणू सुरुवातीच्या मंडळींनाही चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांनाही, म्हणून तो आला की पुढच्यांची वाट मोकळी होते. हा नुसता ढीग नसतो. जिवाणूंनी स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात सगळे रुतलेले असतात आणि चुळीचं औषध वरच्या थरातच अडकतं. थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून कीटण तयार होतं. खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू, या दोन ठिकाणी ते सर्वांत लवकर धरतं, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात.

थर नुसता साचू दिला तर काय होतं, हे १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑऱ्हुसमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या १२ स्वयंसेवकांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

(दृश्य: ब्लड ॲगरवरच्या काळ्या वसाहती)

ही तबकडी तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. कप्प्यात, म्हणजे हिरडी सुटून खोल झालेल्या फटीत, कागदी पॉइंट (शोषकागदाची बारीक काडी) काही सेकंद ठेवून नमुना घेतात आणि रक्त, हेमिन व व्हिटॅमिन के घातलेल्या ॲगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरवतात. मग तबकडी ऑक्सिजनविरहित डब्यात ३७ अंश सेल्सियसवर ठेवायची. डब्यात हवा शिरली तर या काळ्या वसाहती उगवतच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकावून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. काळा रंग येतो तो रक्तातल्या हीम या लोहयुक्त घटकाचा. जिवाणू ते स्वतःच्या पृष्ठभागावर साठवतो. त्याचं नाव पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस.

याला लोह हवं असतं आणि प्रथिनांचे तुकडे हवे असतात. दोन्ही मिळतात ते सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीतून. म्हणजे सूज हेच त्याचं अन्न. तरी सूज आणणारी प्रतिकारयंत्रणा त्याला मारू शकत नाही, ही या जिवाणूची खरी करामत. जिंजिपेन नावाची त्याची विकरं रक्तातल्या पूरक प्रथिनांचे, म्हणजे कॉम्प्लिमेंटचे, तुकडे करतात. सी५ हे प्रथिन कापून तयार झालेला सी५ए हा तुकडा न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावतो. पण त्याच वेळी जिवाणू त्यांच्या पृष्ठभागावरचे दोन ग्राहक (संदेश झेलणारी प्रथिनं, रिसेप्टर) एकदम चाळवतो आणि आतली मारण्याची यंत्रणा थंडावते. पेशी जागी असते, सुजेचे संदेशही सोडत राहते, फक्त मारत नाही. त्याचा फायदा शेजारच्या सगळ्या जिवाणूंना होतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगाने हे उघड केलं. तोंडातल्या एकूण जिवाणूंमध्ये जिंजिव्हालिसचं प्रमाण ०.०१ टक्क्याहूनही कमी होतं, तरी इतर जिवाणूंची संख्या वाढली आणि जबड्याचं हाड झिजलं. जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांमध्ये एकटा जिंजिव्हालिस सोडला तेव्हा हाडाला काही झालं नाही. सी५एचा ग्राहक नसलेल्या उंदरांचं हाडही शाबूत राहिलं.

(दृश्य: न्यूट्रोफिल जिवाणूचा पाठलाग करताना)

ही पांढरी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. हिरडी दाताला चिकटते ती पेशींच्या एका अरुंद पट्ट्याने. या पट्ट्यातल्या पेशी एकमेकींपासून जरा सुट्या असतात आणि त्या मोकळ्या जागेतून न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून निघून फटीत येतात. त्यांना दिशा दाखवतो आयएल-८ हा रासायनिक संदेश: फटीकडे दाट, आत विरळ. ही ये-जा निरोगी हिरडीतही थांबत नाही. तोंडात येणाऱ्या न्यूट्रोफिलांचा नेहमी सांगितला जाणारा आकडा मिनिटाला सुमारे ३०,००० आहे. ज्या मुलांच्या न्यूट्रोफिलांना जन्मजात दोषामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही, त्यांच्या दुधाच्या दातांभोवतीचं हाडही झपाट्याने जातं. तेव्हा या पेशींना खलनायक ठरवून चालणार नाही.

नुकसान मात्र त्यांच्याच हत्यारांनी होतं. थर हलत नाही, म्हणून पेशी येतच राहतात. जिवाणू गिळता आले नाहीत की त्या आतले विकरांनी भरलेले दाणे बाहेर ओततात. त्यातलं एमएमपी-८ हे विकर कोलॅजन कापतं, आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू कोलॅजनचेच असतात. मागून टी पेशी आणि बी पेशी जमतात. त्या रँकल नावाचं प्रथिन सोडतात, त्याच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट या हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन रँकलला अडवतं, पण रोगट हिरडीत पारडं रँकलकडे झुकलेलं असतं. जिवाणू सहसा हाडापर्यंत पोचतही नाहीत. थराची खालची कड आणि हाड यांच्यात दोनेक मिलिमीटरचं अंतर राहतं, आणि तेवढं अंतर राखत हाड मागे हटत जातं.

(दृश्य: एक्स-रे, दोन दाढांमधलं हाड)

प्रत्येकाचं हाड सारख्या वेगाने हटत नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या कामगारांची पाहणी लो यांच्याच गटाने १९७० ते १९८५ या काळात केली. ते दात घासत नव्हते आणि दंतोपचारही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. प्लाक आणि कीटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. त्यातल्या साधारण ८ टक्के लोकांचा हिरडीचा रोग वेगाने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. थर सारखा, शरीराचं उत्तर वेगळं. धूम्रपानाने आणि ताब्यात नसलेल्या मधुमेहाने हे उत्तर बिघडतं. हिरडीच्या उपचारांनंतर मधुमेहींचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. हिरडीच्या रोगाचा हृदयविकार आणि संधिवाताशी असलेला संबंधही अभ्यासला जातोय.

(दृश्य: प्रोब हिरडीत उतरताना)

आता मोजमाप. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. तिच्या टोकावर २० ते २५ ग्रॅम एवढाच दाब द्यायचा. प्रोब दाताला समांतर ठेवून, न उचलता, हिरडीच्या कडेने चालवत न्यायचा आणि दर दातामागे सहा ठिकाणी नोंद घ्यायची. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा त्याहून जास्त असेल तर कप्पा तयार झालाय असं समजायचं. प्रोब काढल्यावर अर्ध्या मिनिटात रक्त आलं तर तीही नोंद. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये रक्त कमी येतं, म्हणून रक्त नाही यावर तिथे विसंबू नये. प्रोब फसवतोही. खाली कीटणाची पायरी असली तर तो तिथेच अडतो आणि कप्पा उथळ वाटतो. हिरडी फार सुजलेली असली तर टोक ऊतीत घुसतं आणि आकडा वाढतो. हिरडी मुळाकडे सरकली असेल तर तेही मिळवायचं: तीन मिलिमीटर सरकलेली हिरडी आणि तीनचा कप्पा म्हणजे आधार सहा मिलिमीटर गेलेला.

घरी ब्रशचे केस हिरडीच्या कडेकडे ४५ अंशांत धरावेत आणि दातांमधल्या फटींसाठी वेगळा लहान ब्रश वापरावा. रक्त येतं म्हणून तो भाग टाळला जातो, आणि नेमकं तिथलंच दुखणं वाढतं.

(दृश्य: क्युरेट मुळावरून खेचला जातो, काळं कीटण बाहेर येतं)

कप्प्याच्या आत मात्र ब्रश पोचत नाही. भूल दिल्यावर आधी कंपनांनी कीटण फोडणारा अल्ट्रासॉनिक स्केलर, मग ग्रेसी क्युरेट: मागच्या दातांच्या पुढच्या बाजूला क्रमांक ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. पात्याचा कोन दाताशी ४५ ते ९० अंशांच्या मध्ये हवा. कोन कमी पडला तर पातं कीटणावरून नुसतं घसरतं आणि त्याला गुळगुळीत करून सोडतं. मग ते बोटांना जाणवत नाही आणि सूज का उतरत नाही ते कळत नाही. साफ झाल्यावर सूज ओसरते, हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि थंड पाणी झोंबतं. कीटणाने एकमेकांना बांधलेले दात हलतानाही जाणवतात. स्केलिंगने दात सैल केले, ही तक्रार इथूनच येते. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही.

पुन्हा मोजायचं ते सहा-आठ आठवड्यांनी. त्याआधी प्रोब घातला तर नुकतं जुळलेलं फाटतं. सहाचा कप्पा चारवर आला आणि रक्त थांबलं तर दर तीन महिन्यांनी सफाई पुरते. अडतं ते दाढेच्या मुळांमधल्या फटीत. तिचं तोंड बऱ्याचदा पाऊण मिलिमीटरहून अरुंद असतं आणि नव्या क्युरेटचं पातं पाऊण ते एक मिलिमीटर रुंद. तिथे अल्ट्रासॉनिकचं बारीक टोक घालून पाहायचं, आणि तरी रक्त येत राहिलं तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करायची.