उसनी नेलेली साखर

मंडळी, शेजारणीने वाटीभर साखर उसनी नेली की आपल्या डब्यातली साखर तेवढी कमी होते. शब्द उसना दिला तर देणाऱ्याचं काहीच जात नाही, आणि तो परत मागायलाही कुणी येत नाही. तरी भाषाशास्त्रात 'उसना शब्द' असंच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणेन. आज बोलायचंय ते युरोपातल्या भाषांबद्दल. सुरुवात साखरेपासूनच करतो, कारण तो शब्द आपल्याकडून तिकडे गेलाय.

संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, वाळू, रेव. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायची विद्या साधली, तेव्हा त्या दाण्यांनाही लोक शर्करा म्हणू लागले. प्राकृतात सक्करा, आपल्याकडे साखर. इराणात शकर, अरबीत सुक्कर. अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पश्चिमेला सरकला आणि तिथे शब्दाला दोन वाटा फुटल्या. इटालियनमध्ये तो झाला झुक्केरो, स्पॅनिशमध्ये आसूकार. स्पॅनिशमधला हा सुरुवातीचा 'आ' कुठून आला?

अरबीत नामाच्या आधी 'अल्' लागतो, साधारण इंग्रजीतल्या 'द'सारखा. पुढे 'स' आला की त्यातला 'ल' त्या 'स'मध्ये विरघळतो आणि उच्चार होतो अस्-सुक्कर. स्पेनमधल्या माणसाच्या कानावर हे सगळं एकच शब्द म्हणून पडलं आणि त्याने ते अख्खं उचललं. इटलीतल्या माणसाने नुसतं नाम घेतलं. हे एकाच शब्दात घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण कापूस स्पॅनिशमध्ये आल्गोदोन, इटालियनमध्ये कोतोने. आर्टिचोक नावाची भाजी तिथे आल्काचोफा, इथे कार्चोफो. मूळ अरबी शब्द तेच, फरक वाटेचा. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांचं राज्य होतं, तर स्पेनमध्ये ७११ साली आलेली सत्ता १४९२ साली ग्रानादा पडेपर्यंत कुठे ना कुठे टिकून होती. स्पेनमध्ये उतरलेल्यांत उत्तर आफ्रिकेतले बर्बर लोक पुष्कळ होते. अरबी त्यांची मातृभाषा नव्हती, त्यामुळे 'अल्' नामाला चिकटलेलाच त्यांच्या तोंडी बसला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. परकी भाषा कानाने शिकणारा माणूस शब्द कुठे तोडायचा ते स्वतःच ठरवतो. इंग्रजीने शुगर आणि कॉटन फ्रेंचमार्गे घेतले, म्हणून त्यांना 'अल्' लागलेला नाही.

चिकटण्याच्या उलट तुटणंही होतं. त्यासाठी नारिंग घेऊ. संस्कृतात नारंग, आणि तिथेही तो बहुतेक द्राविड भाषांमधून आलेला. फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा. इथवर 'न' शाबूत आहे. आता इटालियनमध्ये 'एक' या अर्थी स्त्रीलिंगी शब्द आहे 'उना'. 'उना नारान्चा' हे आत्ता इथे बसल्या बसल्या चार वेळा भरभर म्हणून बघा. दोन 'न' एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की दुसरा 'न' फळाचा की आधीच्या शब्दाचा. इटालियन माणसाने तो आधीच्या शब्दाला देऊन टाकला. फळ उरलं आरान्चा. व्हेनिसच्या बोलीत मात्र अजून नारान्सा म्हणतात. पोर्तुगीजांनी 'न'चा 'ल' केला, त्यांचं लारांजा. फ्रेंचमध्ये ओरांज. तिथे सोन्याला 'ऑर' म्हणतात, आणि सोनेरी रंगाच्या फळाच्या तोंडी तो स्वर बसायला त्या शब्दाचीही मदत झाली.

इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चं 'अ‍ॅन ऑरेंज' केलं, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते बरोबर नाही. शब्दाने इंग्लिश खाडी ओलांडायच्या आधीच 'न' गळालेला होता. इंग्रजीत असं खरोखर घडलं ते अ‍ॅप्रनमध्ये. फ्रेंचमधून शब्द आला होता नॅप्रन. 'अ नॅप्रन'चं लोकांनी 'अ‍ॅन अ‍ॅप्रन' केलं. त्याच मुळावरच्या नॅपकिनमध्ये 'न' राहिला. स्वयंपाकघरात रोज शेजारी शेजारी टांगलेली ही सख्खी भावंडं, आणि एकाचा 'न' गेलाय हे आपल्या ध्यानातही येत नाही.

नारिंगाची गोष्ट इथे संपत नाही. अरबांनी नेलं होतं ते कडू नारिंग. गोड जातीचा प्रसार पुढे पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी केला, आणि पूर्व भूमध्य भागात त्या फळाला पोर्तुगालचंच नाव पडलं. ग्रीकमध्ये पोर्तोकाली, तुर्कीत पोर्ताकाल, आणि खुद्द अरबीत बुर्तुकाल. ज्या अरबांनी युरोपला नारंज दिला, त्यांच्याच ताटात तेच फळ दुसऱ्या नावाने परत आलं. नारंज हे नाव कडू फळापुरतं राहिलं. उत्तरेकडे डच लोक म्हणतात सिनासअ‍ॅपल, रशियन म्हणतात अपेल्सिन. दोन्हींचा अर्थ चीनचं सफरचंद. एका फळाच्या नावांतून युरोपच्या बंदरांचा नकाशा काढता येतो, आणि मला तो पाठ्यपुस्तकातल्या नकाशापेक्षा जास्त आवडतो.

रूपाबद्दल पुष्कळ बोललो, आता अर्थाकडे वळू. अरबीत मख्झन म्हणजे साठवणीची जागा, कोठार. आपला खजिना, खजिनदार त्याच धातूचे. इटालियन व्यापाऱ्यांनी त्याचं मागाझ्झिनो केलं, स्पॅनिशमध्ये, अर्थात 'अल्'सकट, आल्मासेन. दोन्हीकडे अर्थ गोदामच राहिला. फ्रेंचमध्ये मागाझँ झालं आणि गोदामाच्या पुढच्या बाजूने माल विकला जातो, तेव्हा अर्थ सरकत सरकत दुकानापर्यंत आला. रशियनमध्येही मागाझिन म्हणजे दुकान. इंग्रजांना गरज होती दारूगोळ्याच्या कोठाराची, त्यामुळे तिथे मॅगझिन म्हणजे बारूदखाना, आणि पुढे बंदुकीतली गोळ्यांची पेटीसुद्धा. मग १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह याने एक मासिक काढलं आणि त्याच्या नावात हा शब्द घातला. निरनिराळ्या मजकुराचं कोठार, अशी ती कल्पना. तेव्हापासून मॅगझिन म्हणजे नियतकालिक. हा नवा अर्थ फ्रेंचांना आवडला, त्यांनी तो इंग्रजीतून परत नेला, पण जुन्या मागाझँमध्ये मिसळू दिला नाही. आज पॅरिसमध्ये मागाझँ म्हणजे दुकान आणि मागाझिन म्हणजे मासिक. एकाच कोठाराची दोन दारं.

कुणी म्हणेल, मग मॅगझिनचा खरा अर्थ कोठारच. हे मी फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी अस्वस्थ होतो. शब्द उसना जातो तेव्हा अख्खा जात नाही. घेणाऱ्याला ज्या कामासाठी हवा असतो तेवढीच फाक तो नेतो, आणि तिच्यातून त्याच्या अंगणात वेगळं झाड उभं राहतं. त्या झाडाला मूळ झाडाची आठवण करून देण्यात काय अर्थ आहे?

फाकेचं सगळ्यात सुरेख उदाहरण ग्रीकांच्या जिम्नासिऑनचं. उघड्या अंगाने व्यायाम करायची ती जागा, पण अथेन्समध्ये तिथेच शिकवणंही चाले. प्लेटोची अकादमी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसिअम या दोन्ही जागा अशा व्यायामशाळाच होत्या. इंग्रजीने व्यायाम घेतला, म्हणून जिम. जर्मनने शिक्षण घेतलं, म्हणून तिथे गिम्नाझियुम म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा. दोघांतलं कुणीही चुकलेलं नाही.

कधी नेलेली फाक व्याकरण ठरवतं. इंग्रजीतलं स्मोकिंग जॅकेट फ्रेंचमध्ये गेलं आणि उरलं नुसतं स्मोकिंग, अर्थ मेजवानीचा काळा कोट. गाडी लावायची जागा झाली पार्किंग, तंबू ठोकायची जागा कँपिंग. इंग्रजीत जोडशब्दाचा मुख्य भाग शेवटी येतो, फ्रेंचमध्ये साधारणपणे आधी. सुरुवातीचा शब्दच महत्त्वाचा धरायची सवय असलेल्याने तोच ठेवला, शेपूट सोडलं. तिथून स्मोकिंग जर्मन, इटालियन, पोलिश अशा कितीतरी भाषांत शिरलं.

शेवटी जर्दाळू. रोमन लोक या फळाला लवकर पिकणारं म्हणत, लॅटिनमध्ये प्राएकॉक्स. तो शब्द ग्रीकांकडे गेला, ग्रीकांकडून अरबांकडे, तिथे त्याचं बर्कूक झालं. अरबांनी तो 'अल्' लावून स्पेनला दिला, आल्बारिकोके. कातालान (बार्सेलोनाकडची भाषा) आणि फ्रेंच अशी वळणं घेत इंग्रजीत अ‍ॅप्रिकॉट पोहोचला. लॅटिनचा शब्द ग्रीस आणि अरबस्तान फिरून लॅटिनच्याच लेकींच्या घरी परत आला आणि त्यांनी त्याला पाहुणा म्हणून आत घेतलं. अरबीतही तो जागचा हलला. आज कैरोच्या बाजारात बर्कूक मागितलंत तर विक्रेता आलुबुखार तोलून देईल. जर्दाळू हवे असतील तर मिशमिश म्हणायला हवं.